पोरीला क्लासला टाका, गाडी गॅरेजला टाका

"वहिनी, पोरीला क्लासला टाका आणि गाडी गॅरेजला टाका."

२०१९ च्या मे महिन्यात कोल्हापुरातल्या आमच्या अंगणात उभं राहून एका नातेवाइकांनी मला हा सल्ला दिला. मुलगी सतरा वर्षांची, अकरावीची परीक्षा नुकतीच देऊन मोकळी झालेली. पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या आजोबांची, आमच्या आबांची, १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी उभी होती. आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून अडीच वर्षं ती जागची हलली नव्हती. "दुरुस्त केलीस तर तुझी," असं आबा नातीला म्हणाले होते आणि नातीनं तो शब्द धरून ठेवला होता. पाहुणे आले तेव्हा ती कोपरापर्यंत काळी होऊन बॉनेटखाली वाकलेली होती. जाताना पायात चप्पल सरकवत ते आणखी म्हणाले, "नाहीतरी हल्लीच्या पोरांत धीर कुठं असतो? आठ दिवसांत कंटाळेल."

पहिल्या वाक्याचा मला राग आला. दुसऱ्याचा त्याहून जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही. कारण ही दोन वाक्यं एकाच तोंडून, एका दमात आली. जे काम सावकाश, हातानं, चुकत चुकत करायचं असतं ते मुलांकडून काढून घ्या असं सांगायचं, आणि लगेच मुलांत धीर नाही म्हणून हळहळायचं. ही हळहळ मी लग्नाच्या पंगतीत ऐकते, पालकसभेत ऐकते, बँकेच्या रांगेत ऐकते. सगळे माना डोलावतात. उलटून कुणी विचारत नाही, की ज्याला धीर लागेल असं एक तरी काम तुम्ही त्या मुलाच्या हातात शिल्लक ठेवलंय का?

पाहुण्यांची बाजू मी पातळ करून मांडणार नाही. ती अशी. अकरावी आणि बारावीमधला महिना लाखमोलाचा. बारावीची व्हेकेशन बॅच तेव्हाच चालू असते, आणि जे धडे बुडाले ते पुढं भरून निघत नाहीत. गाडी दुरुस्त करणं हे मेस्त्रीचं काम. त्याचे पैसे दिले की झालं. ज्याच्या हातात पेन आहे त्यानं पान्हा कशाला धरायचा? शिकून तरी उपयोग काय, नव्या गाड्यांत सगळं कॉम्प्युटरवर चालतं. त्यातून मुलीची जात. आणि धीरच शिकवायचा असेल तर त्यासाठी शिबिरं आहेत, ध्यानाचे वर्ग आहेत; पेट्रोलच्या वासात महिना घालवायची गरज नाही. आमच्या गावात, आणि मला वाटतं महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत, याला शहाणपण म्हणतात. मला त्यातलं एकही कलम मान्य नाही.

धीरापासूनच सुरुवात करते. हल्लीच्या मुलांत धीर नाही असं म्हणणाऱ्यांनी एखाद्या मुलाला महिनाभर एकाच कामापाशी बसलेलं पाहिलंय का? मी पाहिलंय.

इतके दिवस उभ्या राहिलेल्या त्या इंजिनातला एक वॉल्व्ह, गॅरेजच्या भाषेत वॉल, आपल्या गाइडमध्ये अडकून बसला होता. हेड उतरवावं लागलं. उतरवलंच आहे तर आठही वॉल नीट बसवून घे, असं आबांचे जुने मेस्त्री म्हणाले. वॉल बसवायचा म्हणजे त्याच्या कडेला चिमूटभर ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रबरी चकतीची काठी त्याच्या डोक्याला चिकटवायची आणि ती दोन तळहातांत धरून, ताकाची रवी फिरवावी तशी, मागंपुढं फिरवायची. थोडं फिरवलं की वॉल उचलायचा, जरा वळवून पुन्हा टेकवायचा, पुन्हा फिरवायचं. आधी खरखर आवाज येतो. मग तो मऊ होत जातो. मऊ झाला की पेस्ट पुसून बघायचं: कडेवर सगळीकडून सारखी, कुठंही न तुटलेली राखाडी रेघ उमटलीय का? नसेल तर पुन्हा पेस्ट, पुन्हा काठी. एकेका वॉलला पाऊण तास, एखाद्याला दीड. आठ झाले की हेड उलटं ठेवून, प्लग लावून, खळग्यांत डिझेल ओतायचं आणि कुठून झिरपतंय ते बघायचं.

सहावा वॉल झिरपला. मी तिच्याकडे बघत होते. तिचा चेहरा पडला, डोळे भरून आले. ती आत गेली, तांब्याभर पाणी प्यायली, बाहेर आली आणि तिनं काठी हातात घेतली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बक्षीस नव्हतं, गुण नव्हते, कुणी टाळ्या वाजवणार नव्हतं. आणि खोटं बोलायचीही सोय नव्हती, कारण झिरपणारं डिझेल कुणाचं ऐकत नाही.

हीच मुलगी अभ्यासाच्या टेबलावर दर पाच मिनिटांनी मोबाइल उचलायची. ते मी नाकारत नाही. पण मग धीर तिच्यात नव्हता म्हणायचं, की त्या टेबलावर तिच्या धीराला काही कामच नव्हतं म्हणायचं? एकच मूल दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं वागत असेल, तर दोष मुलाचा शोधायचा की ठिकाणाचा?

इथं पाहुण्यांच्या बाजूनं एक शास्त्रीय दाखला नेहमी दिला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून लहान मुलांवर केलेले ते प्रसिद्ध प्रयोग: समोर एक मिठाई ठेवायची, थोडा वेळ न खाता थांबलास तर आणखी एक मिळेल असं सांगायचं आणि बघायचं. जी मुलं थांबली ती पुढं अभ्यासात सरस ठरली, असा निष्कर्ष पालकसभांच्या व्याख्यानांतून घरोघर पोचला. २०१८ साली टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून जास्त मुलांची माहिती घेऊन हाच संबंध पुन्हा तपासला, ही गोष्ट मात्र घरोघर पोचली नाही. मुलाच्या घरची परिस्थिती आणि त्याची आधीची समज हिशेबात धरल्यावर तो संबंध पुष्कळच फिका पडला. पण माझी तक्रार आकड्यांच्याही अलीकडची आहे. धीर म्हणजे हात बांधून, तोंडाला सुटलेलं पाणी गिळत थांबणं, ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. ती परीक्षेच्या निकालाची वाट बघण्यासारखी आहे. त्यात करायचं काहीच नसतं. कामाचा धीर वेगळा. त्यात हात थांबत नाहीत. त्यात काय चुकलं ते शोधायचं असतं, आणि शोधताना स्वतःच्या घाईला आवरायचं असतं. हा धीर शिबिरात डोळे मिटून कसा येईल? तो येतो डोळे उघडे ठेवून.

हे मला कळलं ते मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. हेड बसलं, नवं पॅकिंग बसलं, कार्बोरेटर उघडून जेटमधला चिकट कचरा काढून झाला, पंपाचा पडदा नवा आला, बॅटरी चार्ज होऊन आली. मुलीनं चावी फिरवली. इंजिन फिरलं, पण लागलं नाही. कार्बोरेटरमधून फटाक्यासारखा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

मग तिनं जे केलं ते आपण सगळेच करतो. तिनं पॉइंटचं अंतर बदललं. त्याच झपाट्यात कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला, प्लगच्या वायरी काढून पुन्हा लावल्या, डिस्ट्रिब्युटर सैल करून जरा वळवला. पुन्हा चावी. पुन्हा फटाका. पुन्हा चार ठिकाणी हात. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेस्त्री आले. उद्यमनगरातल्या लेथ आणि ओतकामाच्या आवाजात त्यांचा जन्म गेलेला. ते स्टुलावर बसले, हात पाठीमागं बांधले आणि त्यांनी विचारलं, "काय काय केलंस?" तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, चार गोष्टी एकदम हलवल्यास. आता ह्यातलं कुठलं बिघडवलंस आणि कुठलं सुधारलंस, सांग बघू?" तिला सांगता येईना. "एका टायमाला एकच. लिहून ठेव. आणि बघितल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा न्हाई." एवढं बोलून, चहा पिऊन ते गेले. पान्ह्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वही घेतली आणि सगळं पहिल्यापासून मांडलं. ठिणगी येते का? प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून पाहिला: येते. पेट्रोल येतं का? येतं. मग ठिणगी वेळेवर येते का? या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. वायरी त्या क्रमानं होत्या. राहिला पहिला सिलिंडर. तिनं मला गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून अगदी हळू ढकलायला सांगितली आणि स्वतः पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून उभी राहिली. चार फेऱ्यांचं इंजिन. पिस्टन वर येतो तो दर दोन वेळांतून एकदाच हवा दाबत येतो, दुसऱ्यांदा जळलेला धूर बाहेर टाकत येतो. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, फरक अंगठ्याला कळतो. मी ढकलत होते, घाम गळत होता, आणि अचानक ती ओरडली, "आई, थांब! आली, हवा आली!" तिनं डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली. रोटर पहिल्या सिलिंडरकडे बघत नव्हता, बरोबर उलट्या दिशेला, चौथ्याकडे बघत होता. साफ करायला काढलेला डिस्ट्रिब्युटर बसवताना पिस्टन वर आहे एवढंच तिनं पाहिलं होतं. कुठल्या फेरीत वर आहे ते पाहिलं नव्हतं.

चूक एवढीच होती. पहिल्याच दिवशी गाडी गॅरेजला टाकली असती तर एखाद्या सरावलेल्या माणसानं ती दहा मिनिटांत काढली असती. मला विचारतात, मग ते काय वाईट झालं असतं? झालं असतं ते हे: गाडी चालू झाली असती आणि मुलगी होती तिथंच राहिली असती. आपलं चुकलंय हे माहीत असणं, काय चुकलंय हे माहीत नसणं, आणि तरीही घाईनं हात न चालवता एकेक शक्यता पुसत जाणं, या तीन दिवसांना पर्याय कुठल्या वर्गात मिळतो? गणिताच्या पुस्तकात मागच्या पानावर उत्तरं असतात. क्लासमध्ये अडलं की सर पुढची पायरी सांगतात, कारण पोर्शन संपवायचा असतो. मुलाला अडून राहू देणं ही त्या साऱ्या व्यवस्थेत चैन समजली जाते. आणि अडून राहणं ज्याला कधी माहीतच नाही त्याला धीर कुठून येणार?

आता वेळेचा हिशेब. महिना वाया गेला, असं मला पुढं वर्षभर सांगितलं गेलं. बारावीला तिला जे गुण मिळायचे ते मिळाले. गाडीमुळं ते वाढले असा दावा मी करणार नाही, आणि कमी झाले असं कुणी सिद्ध केलेलं नाही. आज ती इंजिनिअर नाही, गाड्यांशी तिच्या कामाचा काही संबंध नाही. "मग उपयोग काय झाला?" या प्रश्नाला उत्तर द्यायलाच माझा नकार आहे. पोहायला शिकलेल्या मुलाला आपण दरवर्षी किती मैल पोहलास, किती कमाई झाली, असं विचारतो का? सुट्टीतला प्रत्येक तास पुढच्या परीक्षेच्या खात्यात जमा झाला पाहिजे हा आग्रह कुणाचा? मुलांचा नाही. आठवीपासून फाउंडेशनची फी भरतो ते आपण. पहिल्या घटक चाचणीत गुण घसरले की क्लास बदलतो ते आपण. किराणा दहा मिनिटांत दारात हवा म्हणून मागवतो आणि अकराव्या मिनिटाला फोन करतो ते आपण. ज्या घरातल्या मोठ्या माणसांना पेरल्याबरोबर उगवलेलं हवं असतं, त्या घरातल्या पोरांना अधीर म्हणायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

यात मीही होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मेस्त्रींना फोन लावला होता, "तुम्हीच येऊन चालू करून द्या हो, पोरीचे हाल बघवत नाहीत." ते म्हणाले, "संध्याकाळी येतो, पण हात लावणार न्हाई." त्या महिन्यात मला सर्वांत जड गेलं ते हेच: तिच्या हातातला पान्हा काढून न घेणं. एका बोल्टचे आटे तिनं घालवले, एक स्टड तुटला, तो काढायला लेथवाल्याकडे पैसे गेले. बॅटरी, किट, पॅकिंग, ऑइल मिळून खर्च बऱ्यापैकी झाला. तो व्हेकेशन बॅचच्या फीपेक्षा कमी होता, पण फुकट काही झालं नाही हे खरं.

पाहुण्यांच्या बोलण्यातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं कलम पुढचं आहे: हे मेस्त्रीचं काम. त्यांना नुसतं असं म्हणायचं नव्हतं की प्रत्येकानं आपापलं काम करावं. त्यांना म्हणायचं होतं की हात काळे होतात ते काम खालचं आणि ज्यांचे हात काळे होतात ती माणसं खालची. हा विचार आपल्या मातीत फार खोल रुजलेला आहे. लोखंड तापवणारा, लाकूड तासणारा, कातडं कमावणारा यांच्या हातांवर गावगाडा चालला आणि त्यांनाच खालचं ठरवलं गेलं. आता जातीचं नाव न घेता तोच विचार "करिअर" या शब्दात बोलतो.

कोल्हापुरात राहून तरी असं बोलायला जीभ रेटू नये. चांगला कॅमेरा हाताशी नव्हता म्हणून बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीनं याच गावात १९१८ च्या सुमारास स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला. त्यांचा 'सैरंध्री' हा सिनेमा १९२० चा. कॅमेऱ्याचे दाते, स्प्रॉकेट, शटर हे सगळं हातानं घडवताना त्या माणसांचे हात पांढरे राहिले असतील का? बाबूरावांच्या बोटांत कुंचला होता आणि कानसही होती, आणि त्यातलं एक वरचं, दुसरं खालचं असं त्यांना वाटलं असतं तर प्रभातपर्यंत पोचणारी ती सगळी परंपराच उभी राहिली नसती. शिक्षणाच्या अंगानं बघायचं तर १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षणाचा विचार देशापुढं मांडला. ती नई तालीम आपल्याच महाराष्ट्रात जन्मली. १९८३ साली डॉ. कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि शाळेनं नापास ठरवलेल्या मुलांना वेल्डिंग, शेती, बांधकाम करता करता विज्ञान शिकवून दाखवलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्थानिक कारागिरांकडे शिकायचे दहा दिवस, दप्तराशिवायचे, सुचवलेत. म्हणजे हा विचार नवा नाही, परका नाही, कागदावर तर सरकारमान्य आहे. तो अडतो फक्त आपल्या घराच्या उंबऱ्याशी, जिथं आपण म्हणतो: चांगलंय, पण आमच्या मुलाला नको.

एक आक्षेप त्या नातेवाइकांनी घेतला नाही. तो मीच घेते, कारण तो सगळ्यांत कठीण आहे. कुठल्याही गॅरेजसमोर थांबलात तर ग्रीसमध्ये माखलेला एखादा पोरगा दिसतो, ज्याला सगळे "छोटू" म्हणतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामाला ठेवायला कायद्यानं बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनं ती आणखी आवळली गेली. तरी तो दिसतो. त्यालाही वॉल बसवता येतो. त्याला कुणी धीर शिकण्याची संधी मिळाली म्हणत नाही. मग माझ्या मुलीच्या सुट्टीचं कौतुक मी कुठल्या तोंडानं सांगते?

हा प्रश्न मी टाळत नाही. त्या पोराला चुकायची मुभा नाही. चुकला तर थप्पड आहे, दिवसाची मजुरी जाते. त्याला शाळा नाही, जूनमध्ये परत जायला वर्ग नाही. त्याच्या हातातला पान्हा ही सक्ती आहे आणि ती संपलीच पाहिजे. पण नीट बघा: त्या पोराच्या हातात जबरदस्तीनं पान्हा देणारा समाज आणि माझ्या मुलीच्या हातातून तो काढून घ्यायला आलेला समाज एकच आहे. हातकाम ही शिक्षा आहे, ती गरिबाच्या वाट्याला जावी, असं दोन्हीकडे तो मानतो. त्या पोराला शाळेत पाठवणं आणि शाळेतल्या पोरांना पान्हा देणं ही एकाच अन्यायाची दुरुस्ती आहे. एक करून दुसरं सोडलं तर पुढच्या पिढीतही कुणीतरी छोटू राहीलच, कारण त्याच्या कामाची किंमत न कळलेले लोकच ते काम त्याच्याकडून करून घेत राहतील.

नव्या गाड्यांचं म्हणाल तर तो मुद्दा अर्धा खरा आहे. २००० च्या आसपास धुराचे नियम कडक झाले आणि आपल्याकडच्या नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर प्लास्टिकचं झाकण दिसतं. मी कुणाला कार्बोरेटरची पूजा करायला सांगत नाही. पण शिकायला ही जुनी गाडी उत्तम, आणि का ते सांगते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००. चार सिलिंडर, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. तिचं बॉनेट उघडलं की खालची जमीन दिसते. पेट्रोल कुठून येतं, ठिणगी कुठून येते, पाणी कुठून फिरतं हे बोटानं दाखवता येतं. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये झाकण नाही. ज्यानं अशा यंत्रात एकेक शक्यता पुसत जायची सवय लावून घेतली, त्याला संगणकाच्या पडद्यावर चुकीचा आकडा आल्यावर काय करायचं ते वेगळं शिकवावं लागत नाही. आणि गाडीच हवी असंही नाही. शिलाई मशीन घ्या, विहिरीवरची मोटर घ्या, आजीचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ घ्या. अट एवढीच, की वस्तू खरी असावी, ती चालू झाली नाही तर कुणाचं तरी काम अडावं, आणि मोठ्यांनी मध्ये हात घालू नये.

धोक्याची भीती घालणाऱ्यांना एकच सांगते. गाडी घोडीवर टेकवल्याशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर, तिच्याखाली जायचं नाही. बॅटरीची वायर आधी काढायची. पेट्रोलजवळ जळतं काही नको. आणि ब्रेकची हवा काढून झाल्यावर मेस्त्रींनी स्वतः तपासल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नाही. हे नियम पहिल्या दिवशी ठरले आणि पाळले गेले. रस्त्यावर ती गाडी मी चालवली. मुलगी शेजारी बसली, कारण ती सतरा वर्षांची होती आणि लायसन अठराला मिळतं. ज्या गाडीत तिनं महिना ओतला ती हातात घ्यायला तिला आणखी सात महिने थांबावं लागलं, आणि ती थांबली. वय कमी असताना मुलांच्या हाती नव्या गाडीची चावी देणारे पालक माझ्या माहितीत आहेत. त्यांच्या मुलांना गाडी मिळाली, तिच्या आत काय आहे ते कळलं नाही. धोका कुठं जास्त आहे?

म्हणून माझं म्हणणं मी कुणालाही न भिता पुन्हा मांडते. आपल्या मुलांत धीर आहे. तो आपण वापरू देत नाही. अडलेली वस्तू त्यांच्या हातातून काढून घेतो, दुसऱ्याला पैसे देऊन सोडवून घेतो, आणि मग त्यांच्या रिकाम्या हातांकडे बोट दाखवतो. हा आरोप मागं घ्या. तो घेता येत नसेल, तर येत्या मे महिन्यात मुलाच्या हातात एक बिघडलेली वस्तू द्या आणि महिनाभर गप्प बसून दाखवा.

डिसेंबरात तिला अठरा पूर्ण झाली. शिकाऊ लायसन, मग तीस दिवसांची सक्तीची वाट, मग पक्कं लायसन. २०२० च्या मार्चच्या सुरुवातीला आबांना मागं बसवून ती आम्हाला जोतिबाला घेऊन निघाली. भर दुपार. डोंगराच्या चढावर, एका वळणापुढं, इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं. मागं चार गाड्या थांबल्या आणि थांबताक्षणी हॉर्न सुरू झाले. तिनं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला, बॉनेट उघडून पंपाला हात लावून बघितला. पेट्रोलची वाफ झाली होती. तिनं आबांच्या खांद्यावरचा टॉवेल मागून घेतला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला, पंपावर गुंडाळला आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर येऊन बसली. मागून एक गृहस्थ काच खाली करून ओरडले, "अगं, कशाला बाहेर काढता ही भंगारं?"

ती उठून उभी राहिली. "काका, तुमच्यापुरता रस्ता मोकळा आहे, तुम्ही जा," ती म्हणाली. "हिला पंधरा मिनिटं लागतील." आणि पुन्हा दगडावर बसून तिनं आबांना विचारलं, "पाणी शिल्लक आहे का हो?"